फायरफॉक्स, आइसवीझल आणि नावावरचा हक्क

मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना मूळ संहिता (सोर्स कोड) वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा देतो. उत्पादनाचे नाव व बोधचिन्ह मात्र बहुधा त्यातून वगळलेले असते. पुणेकरांना हे नवे वाटू नये. बाकरवडी कोणीही तळावी, पण ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी दुकानावर असतेच. फायरफॉक्स या वेब ब्राउझरनेही नावावरच्या हक्काची झळ सोसली आहे : २००२ मधील फीनिक्स आणि २००३ मधील फायरबर्ड या दोन्ही नावांवर इतरांनी हरकत घेतल्यानंतर फेब्रुवारी २००४ मध्ये सध्याचे नाव आले.

पुढे याच नावावरून फायरफॉक्सची मालक संस्था मोझिला आणि डेबियन यांच्यात वाद झाला. डेबियन हे लिनक्सचे वितरण, म्हणजे लिनक्स व त्यावरील सॉफ्टवेअर एकत्र बांधून दिलेला संच. त्यात प्रारंभी हे नाव होते, अधिकृत बोधचिन्ह नव्हते. वादाचा गुंता येथे आहे. एकाच चित्रावर दोन स्वतंत्र हक्क असतात : कलाकृती म्हणून स्वामित्वहक्क आणि उत्पादनाची ओळख म्हणून व्यापारचिन्हाचा हक्क. आपल्याकडे दोन्हींना सरसकट ‘हक्क राखीव’ म्हटले जाते, त्यामुळे हा वाद केवळ व्यापारचिन्हाचा होता असा समज रूढ झाला. वास्तविक, बदललेल्या आवृत्तीला वेगळे नाव देण्याची अट डेबियनच्या १९९७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील चौथ्या कलमाला मान्यच आहे. अडचण चित्राच्या स्वामित्वहक्काची होती, कारण त्याचा परवाना मुक्त नव्हता.

फेब्रुवारी २००६ मध्ये ब्राउझरच्या मालक संस्थेकडून कळवण्यात आले की नाव वापरायचे तर बोधचिन्हही वापरावे लागेल आणि संहितेतील बदलांना संमती घ्यावी लागेल. दुसरी अट अधिक जाचक होती. डेबियनची स्थिर आवृत्ती दीर्घकाळ तीच राहते, त्यामुळे नव्या आवृत्तीतील सुरक्षाविषयक दुरुस्त्या जुन्या आवृत्तीत उतरवाव्या लागतात, आणि अशा कामात दर वेळी संमतीची वाट पाहणे परवडणारे नसते. केवळ डेबियनला सवलत देण्याचा मार्गही बंद होता, कारण आठव्या कलमानुसार परवान्यातील हक्क एकट्या डेबियनपुरते असून चालत नाहीत. डेबियनच्या हट्टाची चर्चा पुष्कळ झाली. या कलमाची तितकीशी झाली नाही.

एप्रिल २००७ च्या डेबियन ४.० आवृत्तीत फायरफॉक्सचे नाव आइसवीझल आणि मोझिलाच्याच थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामचे आइसडव्ह झाले. आतील संहिता जवळपास तीच असूनही मेनूमध्ये फायरफॉक्स शोधणारा नवा वापरकर्ता गोंधळत असे.

पुढे बोधचिन्हाच्या चित्राचा परवाना मुक्त झाला. डेबियनच्या बदलांमुळे उत्पादनाच्या दर्जाला बाधा येत नाही, हेही मालक संस्थेने मान्य केले आणि २०१६ मध्ये फायरफॉक्स हे नाव परतले. थंडरबर्ड २०१७ मध्ये. व्यापारचिन्हाचे धोरण मात्र कायम आहे. पुण्यातील एखाद्या महाविद्यालयाने डेबियनवर आधारित स्वतःचे वितरण तयार करून त्यातील ब्राउझरमध्ये मोठे फेरफार केले, तर फायरफॉक्स या नावासाठी त्याला स्वतंत्र परवानगी मागावी लागेल किंवा नवे नाव शोधावे लागेल.