गिझरचा थर्मोस्टॅट आणि शॉवरचा थर्मोस्टॅट

शॉवर कोमट येतोय म्हटलं की प्लंबर आधी गिझरचा नॉब शेवटपर्यंत फिरवतो आणि आठवड्याने नवा गिझर घ्यायला सांगतो. नवा गिझर येतो, शॉवर मात्र कोमटच राहतो. दोन वेगळ्या वस्तूंना थर्मोस्टॅट हे एकच नाव असल्यामुळे लोकांचे पैसे असे विनाकारण जातात, याचा मला मनापासून राग येतो.

गिझरचा थर्मोस्टॅट सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पाणी तापलं की तो कॉइलचा करंट तोडतो, निवलं की जोडतो. बस.

शॉवरच्या थर्मोस्टॅटिक मिक्सरला बहुधा विजेची वायरसुद्धा नसते. तो पाणी तापवत नाही, फक्त विसण घालतो. त्याच्या आत मेण भरलेली धातूची छोटी कुपी असते. मिसळलेलं पाणी तिच्यावरून जातं. पाणी जास्त गरम झालं की मेण फुगतं, दट्ट्या सरकतो, गरम पाण्याची वाट आवळली जाते आणि थंडाची मोकळी होते. मिक्सरचा नॉब 38 अंशांवर अडतो तो मुद्दाम. बाजूचं बटण दाबलं की पुढे फिरतो. पण मागून येणारं पाणीच 40 अंशांचं असेल, तर नॉब 45 वर नेऊन काहीही होणार नाही. नीट चालायला या मिक्सरला हव्या त्या तापमानापेक्षा साधारण 10 अंश जास्त गरम पाणी लागतं.

म्हणूनच 3 किलोवॅटच्या इन्स्टंट गिझरवर असा शॉवर बसवू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यातून मिनिटाला 6 लिटर पाणी सोडलं तर ते जेमतेम 7 अंशांनी तापतं. टाकीतलं पाणी 22 अंशांचं असेल तर हातात 29 अंशांचं येणार. तिथे मिक्सरचा काय दोष?

दोष कुणाचा हे ओळखायला आधी त्याच बाथरूममधल्या बेसिनचा फक्त गरम नळ सोडा आणि थर्मामीटर धरा. 50-55 अंश दिसले तर गिझर ठीक आहे, त्याला हात लावू नका.

खरी फसगत यापुढे होते. साध्या मिक्सरच्या सवयीने प्लंबर थंडाचा कॉक बंद करतो आणि नुसतं गरम येतंय का बघतो. शॉवरची धार तुटते, की तो म्हणतो, गरम लाइन चोक आहे, टाइल फोडावी लागेल. फोडू देऊ नका! थंड पाणी गेल्यावर गरम अडवणं हेच या मिक्सरचं काम आहे. अंगावर कढत पाणी पडू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. धार तुटली म्हणजे मेणाची कुपी शाबूत आहे. उलट थंड बंद करूनही कढत पाणी वाहतच राहिलं, तर कार्ट्रिज, म्हणजे ही कुपी आणि दट्ट्या असलेला आतला सुटा भाग, गेलंय. ही तपासणी करताना शॉवरखाली कुणी उभं राहू नये.

कुपी शाबूत आहे, बेसिनला गरम येतंय, तरी शॉवर कोमट? मग गरम बाजूच्या तोंडाशी असलेली जाळी काढून धुवा. बोअरचं पाणी असेल तर क्षार हमखास साचलेले असतात; कार्ट्रिज काढून व्हिनेगरमध्ये भिजत ठेवा. नवीनच बसवलेला असेल तर गरम-थंड पाइप उलटे जोडलेत का पाहा, बहुतेक मिक्सरांना गरम डावीकडून लागतं. थंडाला प्रेशर पंप आणि गरम सोलरच्या टाकीतून नुसत्या उताराने, अशी जोडणी असेल तर थंड पाणी गरमाला दाबून टाकतं. पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खराब असेल तर ते गरम लाइनमध्येही शिरतं. अशा घरात दोन्ही लाइनींचं प्रेशर सारखं करून घ्या, त्याशिवाय नवं कार्ट्रिजही तुम्हाला कोमटच पाणी देईल.

कार्ट्रिज बदलायचंच झालं तर जुनं सोबत घेऊन दुकानात जा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची कार्ट्रिजंसुद्धा एकमेकांना बसतीलच असं नाही. नवं बसवल्यावर नॉब काढून, थर्मामीटरवर 38 दिसेल तिथे दांडा आणून, मगच नॉबचा 38 चा आकडा जुळवून घट्ट करा.