आजारपणातील जप (कोल्हापूर परिसर)

घरातले कुणी आजारी पडल्यावर त्याच्यासाठी, किंवा त्याने स्वतः, मंत्र, स्तोत्र वा देवाचे नाव ठरवून म्हणण्याची प्रथा. कोल्हापूर भागात ती बहुधा औषधपाण्याच्या जोडीनेच चालते. आजाऱ्याच्या उशाशी गोळ्यांच्या पाकिटाशेजारी अंगाऱ्याची पुडी असते आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

घरगुती जपाला गुरुजी लागत नाहीत. मुलाला ताप भरला की तिन्हीसांजेला दिवा लावून रामरक्षा म्हणतात. बुधकौशिक ऋषींच्या नावावरील या स्तोत्रातले कवच ‘शिरो मे राघवः पातु’पासून सुरू होऊन पायांपर्यंत उतरते, म्हणणाऱ्या आजीचा हातही मुलाच्या कपाळावरून तसाच खाली फिरत जातो. अंबाबाईच्या भक्तांकडे सप्तशतीच्या अकराव्या अध्यायातला ‘रोगानशेषानपहंसि तुष्टा’ हा श्लोक जपतात. जोतिबाच्या भाविकांना एवढेही लागत नाही, ‘चांगभलं’ म्हटले की पुरते.

या भागावर खरा पगडा दत्तसंप्रदायाचा. शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर असलेल्या नृसिंहवाडीला दत्तावतार मानलेल्या नृसिंह सरस्वतींनी बारा वर्षे वास्तव्य केले, असे परंपरा मानते. त्यांच्या लीला सांगणाऱ्या सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्रात मुले दगावणारी स्त्री येते ती शिरोळचीच. तिला औदुंबराची सेवा सांगितली जाते. त्याच ग्रंथात पोटशूळाला कंटाळून जीव द्यायला निघालेला ब्राह्मण भेटतो, तेव्हा गुरू त्याला पोटभर जेवू घालतात. संकटात मात्र लोक उघडतात चौदावा अध्याय, ज्यात आजाराचा विषयच नाही. सायंदेवाला क्रूर यवनापासून अभय मिळाल्याची ती कथा आहे. बहुधा भीती तीच, म्हणून अध्यायही तोच. टेंबे स्वामींचे (वासुदेवानंद सरस्वती, १८५४–१९१४) घोरकष्टोद्धरण स्तोत्रही आजारपणात घरोघर म्हटले जाते. ते छोटे असल्याने थकलेल्या रुग्णालाही झेपते.

दुखणे बळावले की महामृत्युंजयाचा जप गुरुजींकडून करवून घेतात. संकल्पात आजाऱ्याचे नाव आणि गोत्र उच्चारतात. सव्वा लाख जप असेल तर तो अनेकजण वाटून घेतात आणि शेवटी दशांश (जपाच्या दहाव्या भागाइतके) हवन होते. ‘त्र्यंबकं यजामहे’ हा मंत्र ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला (७.५९.१२). पिकलेले वाळूक देठातून सुटावे तसे मृत्यूपासून सुटू दे, अमृतापासून नको, असे त्यातले मागणे. मंत्र वेदातला असल्याने तो कुणासाठी म्हणायचा हा प्रश्न कोल्हापुरात नुसता शास्त्रार्थाचा राहिला नाही. विसाव्या शतकाच्या तोंडावर इथेच वेदोक्त प्रकरण, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करवून घेण्याच्या हक्काचा वाद, पेटले. छत्रपतींच्या घराण्यालाही पुराणोक्त मंत्रच चालतील, ही पुरोहितांची भूमिका शाहू महाराजांनी धुडकावली आणि १९२० मध्ये मराठ्यांसाठी स्वतंत्र धर्मगुरूंचे, म्हणजे क्षात्रजगद्गुरूंचे, पीठ स्थापन केले. नामजपाला अशी आडकाठी कधीच नव्हती. ‘रामकृष्णहरी’ म्हणायला वारकऱ्याला ना संकल्प लागतो ना सोवळे.

वाचिक (मोठ्याने), उपांशु (पुटपुटत) आणि मानस (मनातल्या मनात) या जपाच्या तीन प्रकारांत मनुस्मृती मानस जप श्रेष्ठ ठरवते. दवाखान्यात सोयीचाही तोच, कारण अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बाकड्यावर बसलेल्यांना मोठ्याने म्हणता येत नाही. पदराआड बोटांच्या पेरांवर मोजणी चालू असते. माळ असेलच तर १०८ मण्यांची, मेरुमणी न ओलांडता परत फिरवायची.

जपाने श्वास संथ होतो, याला थोडा आधार आहे. ‘ओम मणि पद्मे हूम्’ म्हणताना किंवा ख्रिस्ती जपमाळ ओढताना श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येते, असे २००१ साली २३ निरोगी व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात आढळले. त्यावरून रोग बरा होतो असे मात्र निघत नाही. दुसऱ्याने केलेल्या प्रार्थनेचा हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांना उपयोग होतो का, हे अमेरिकेत सुमारे १८०० जणांवर तपासले गेले. २००६ साली निष्कर्ष आला, फायदा दिसला नाही. तो शोध ख्रिस्ती प्रार्थनेपुरता होता.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने पूजाअर्चा, भजन, हरिपाठ यांना हात लावलेला नाही. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र करणे मात्र त्याखाली गुन्हा आहे.