पियानोच्या पोटातलं बीड

बिडाचा तवा हातातून निसटला तर फरशीवर पडून त्याचे तुकडे होतात. पण त्याच बिडावर भरपूर भार ठेवा, ते ढिम्म हलत नाही. ओढलं की तुटतं, दाबलं की सोसतं. अमेरिकन पियानोची कीर्ती बिडाच्या याच स्वभावामुळे झाली.

पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि एकेक तार साधारण ७० ते ८० किलोंच्या ओढीने ताणलेली असते. म्हणजे एकूण ताण १६ टनांच्या वर. पूर्वी हा भार मुख्यतः लाकडी सांगाडा पेलायचा. अमेरिकेतल्या दमट उन्हाळ्यात लाकूड फुगायचं, हिवाळ्यात तापवलेल्या कोरड्या खोल्यांत आकसायचं, आणि सूर उतरायचे. १८२५ साली बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने चौकोनी पियानोसाठी बिडाच्या एकसंध ओतीव चौकटीचं पेटंट घेतलं. त्याच शहरातल्या जोनास चिकरिंगने १८४३मध्ये ती ग्रँड पियानोत आणली. तारा चौकटीची दोन्ही टोकं एकमेकांकडे खेचतात, त्यामुळे बिडावर येतो तो मुख्यतः दाबच. आता जाड तारा आणखी ताणता येऊ लागल्या आणि आवाज भरदार झाला.

पुढची झेप न्यूयॉर्कची. जर्मनीहून आलेल्या स्टाइनवेग कुटुंबाने १८५३मध्ये ‘स्टाइनवे अँड सन्स’ काढली. १८५९च्या त्यांच्या पेटंटात ग्रँड पियानोच्या खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या नेल्या होत्या. त्यामुळे खर्जाच्या तारांचा कंप ध्वनिफलकाच्या, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीच्या, मध्याजवळ पोचू लागला. फलकाच्या कडा जखडलेल्या असतात, मधला भाग मोकळेपणाने हलतो, म्हणून खर्ज घुमतो. १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात चिकरिंग आणि स्टाइनवे, दोघांनाही सुवर्णपदक मिळालं.

नाव गाजलं की नावाचाच धंदा सुरू होतो. दुकानदार एखाद्या कारखान्याकडून पियानो घ्यायचे आणि पट्ट्यांच्या वर हवं ते नाव साच्याने रंगवून घ्यायचे. असे ‘स्टेन्सिल पियानो’ ढिगाने खपले. काही नावं तर प्रसिद्ध नावाशी मुद्दाम मिळतीजुळती ठेवलेली असत. मला हे गिऱ्हाइकाला फसवणंच वाटतं. पण नावातलं साम्य दर वेळी खोटं नसतं. स्टाइनवेगांच्या थोरल्या मुलाने जर्मनीतला धंदा सहकाऱ्यांना विकला. त्यातून ‘ग्रोट्रियन-स्टाइनवेग’ हे नाव पुढे आलं. खरं नातं असूनही १९७०च्या दशकात अमेरिकन न्यायालयाने त्या कंपनीला अमेरिकेत ‘स्टाइनवेग’ लावायला मनाई केली.

आणि चिकरिंग? १८५२च्या डिसेंबरात त्याचा कारखाना जळाला. ट्रेमॉन्ट स्ट्रीटवर नवा उभा राहत असतानाच, वर्षभराने, तो वारला. १९०८मध्ये कंपनी एका मोठ्या समूहात गेली आणि पुढे ते नाव या मालकाकडून त्या मालकाकडे फिरत राहिलं. ट्रेमॉन्ट स्ट्रीटवरची ती विटांची इमारत मात्र अजून उभी आहे. तिथे आता कलावंतांची घरं आहेत.