पोकळीवर पेटंट नव्हतंच

‘घाम टिपणाऱ्या पोकळ पॉलिएस्टर धाग्याचं पेटंट जपान्यांकडे, म्हणून दुसऱ्या कुणाला पोकळ धागा काढताच येत नाही’ हा समज काही जात नाही. पोकळ धागा त्या पेटंटाआधीच उशा-रजयांत भरला जात होता! पॉलिएस्टर मुळात हवेतला ओलावा धरतं वजनाच्या जेमतेम 0.4 टक्के, सूत आठेक टक्के. म्हणून जपानच्या तेजिन कंपनीने धाग्याच्या भिंतीत पोकळीपर्यंत पोचणारी सूक्ष्म छिद्रं आणली. पॉलिएस्टरमध्ये खास रसायन मिसळायचं, धागा काढायचा, मग कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ते रसायन धुऊन काढायचं. पेटंट या करामतीचं. त्यामुळे पेटंट मोडल्याचा वाद अडतो तो पेटंटातल्या दाव्यांच्या (नेमका कशावर हक्क सांगितलाय, त्याच्या) शब्दांवर: छिद्रं केवढी, पोकळीपर्यंत जातात का? दावा धाग्यावरच असेल, तर रीत बदलूनही सुटका नाही. आणि 1980च्या दशकातली ती पेटंटं कधीच संपली.