आर्केड स्टिक अडॅप्टर

आर्केड स्टिक अडॅप्टर : एका गेम कन्सोलसाठी बनवलेली आर्केड स्टिक दुसऱ्या कन्सोलवर किंवा संगणकावर चालावी म्हणून दोहोंच्या मध्ये जोडले जाणारे उपकरण. नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरील लिव्हर आणि बटणे घरच्या वापरासाठी पेटीत बसवली, की तिला आर्केड स्टिक म्हणतात. निओ जिओ एईएस (१९९०), सेगा सॅटर्न (१९९४), प्लेस्टेशन (१९९४) आणि ड्रीमकास्ट (१९९८) यांच्यासाठी निघालेल्या अनेक स्टिक आजही चालू स्थितीत आढळतात. त्यांतील मायक्रोस्विच झिजले तरी बदलता येतात. जुने होते ते प्लग आणि प्लगमागची संकेतपद्धती. अडॅप्टरचे काम या दुसऱ्या भागाशी आहे.

फक्त प्लगचा आकार आणि तारांची जागा बदलणाऱ्या उपकरणाला निष्क्रिय अडॅप्टर म्हणतात. ज्यात सूक्ष्मनियंत्रक (मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी छोटी चिप) असतो आणि जे एका कन्सोलचे संकेत वाचून दुसऱ्याच्या संकेतांत मांडते, ते सक्रिय अडॅप्टर. सक्रिय प्रकारालाच ‘कन्व्हर्टर’ म्हणावे असा काही जाणकारांचा आग्रह आहे, पण बाजारात दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जातात. या नोंदीत दोन्ही प्रकार घेतले आहेत.

उगम : या प्रथेची सुरुवात कोठून मानावी याबद्दल एकमत नाही. अटारीच्या व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिमने (१९७७, पुढे अटारी २६००) नऊ पिनांचे सॉकेट रूढ केले. चार दिशांना चार तारा, फायरच्या बटणाला एक आणि सर्वांना मिळून एक ग्राउंड (विजेच्या परतीची तार), इतकीच ती साधी रचना होती. कमोडोर व्हिक-२०, कमोडोर ६४, अटारी एसटी आणि अमिगा या संगणकांनी तीच उचलली. त्यामुळे त्या वर्तुळात अडॅप्टरची गरजच भासली नाही. गरज पडली ती सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रमवर. १९८२ साली आलेल्या या संगणकाला जॉयस्टिकचे सॉकेटच नव्हते, म्हणून मागच्या विस्तार-जोडणीवर बसणारे इंटरफेस १९८२-८३च्या सुमारास निघाले. त्यांत दोन विचार दिसतात. केम्पस्टन इंटरफेस जॉयस्टिकची स्थिती ३१ क्रमांकाच्या पोर्टवर ठेवी, आणि खेळाच्या प्रोग्रॅमनेच ती तेथून वाचावी अशी त्याची अपेक्षा असे. ज्या खेळात तशी सोय नाही तेथे तो निरुपयोगी ठरे. एजीएफ आणि प्रोटेक यांचे ‘कर्सर’ पद्धतीचे इंटरफेस मात्र जॉयस्टिक हलवताच कीबोर्डवरील ५, ६, ७, ८ आणि ० या कळा दाबल्या गेल्याचे भासवत. सिंक्लेअरच्या इंटरफेस २ने (१९८३) दोन जॉयस्टिकसाठी आकड्यांच्या दहा कळा पाच-पाच अशा वाटून घेतल्या.

स्पेक्ट्रमची जॉयस्टिक ही ‘आर्केड स्टिक’ नव्हे, म्हणून हा काळ वगळावा असे एक मत आहे. त्या मतानुसार सुरुवात सुपरगनपासून होते. सुपरगन म्हणजे आर्केड यंत्राचा बोर्ड घरच्या टीव्हीवर चालवण्याची पेटी. १९८५च्या जॅमा मानकामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या बोर्डांना ५६ संपर्कांची एकच जोडणी मिळाली आणि अशा पेट्या बनवणे सुकर झाले. पुढे या पेट्यांवर निओ जिओच्या पद्धतीची १५ पिनांची सॉकेटे बसवण्याचा प्रघात पडला आणि घरगुती स्टिक आर्केडच्या बोर्डाला लागू लागली. तिसरे मत यूएसबीच्या आगमनाला महत्त्व देते. यांपैकी स्पेक्ट्रमचे मत अधिक पटण्याजोगे आहे, आणि त्यातही केम्पस्टनपेक्षा कर्सर व इंटरफेस २ यांचा दावा बळकट वाटतो. यजमान यंत्राला (ज्याला स्टिक जोडायची त्या कन्सोलला किंवा संगणकाला) नवे काही शिकवायचे नाही, त्याला जे आधीपासून कळते त्याच भाषेत बोलायचे, हे सक्रिय अडॅप्टरचे मूळ तत्त्व त्यांत पूर्णपणे आलेले आहे. सुपरगनच्या बाबतीत तारा जोडल्या जातात. संकेतांचे भाषांतर होत नाही.

संकेतपद्धती : स्टिकच्या आतील लिव्हर आणि बटणे सगळीकडे सारखीच, म्हणजे दाबताच दोन टोके जोडणारे स्विच असतात. ही माहिती कन्सोलपर्यंत कशी पोचते, यातच सारा फरक आहे.

सर्वांत सरळ पद्धत अटारीची आणि निओ जिओची : प्रत्येक स्विचला स्वतंत्र तार. निओ जिओ एईएसच्या स्टिकमध्ये चार दिशा, चार बटणे, स्टार्ट आणि सिलेक्ट एवढे सगळे असूनही १५ पिनांच्या प्लगमुळे ही पद्धत टिकून राहिली. म्हणून निओ जिओची स्टिक अडॅप्टर बनवणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत सोयीची ठरते. मध्ये कोणतीही चिप नाही, समजून घ्यावा असा कोणताही संकेत नाही.

तारा कमी आणि बटणे जास्त झाली, तेव्हा पाळीपाळीने वाचण्याची पद्धत आली. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलच्या (१९८८) तीन बटणांच्या पॅडमध्ये, म्हणजे हातात धरायच्या कंट्रोलरमध्ये, ७४एचसी१५७ ही निवडक चिप आहे. कन्सोल एक निवड-तार वर-खाली करतो आणि त्याच पिनेवर एकदा ‘बी’, एकदा ‘ए’ बटण वाचतो. अटारीची जॉयस्टिक मेगा ड्राइव्हला लावली तर दिशा बरोबर चालतात, पण तिला निवड-तारेची जाणीवच नसल्याने फायर दाबले की ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही दाबल्यासारखे होते. पीसी इंजिन हा कन्सोलही याच कुळातला. सॅटर्नमध्ये दोन निवड-तारा आहेत. त्यांच्या चार अवस्था गुणिले चार माहिती-तारा, अशा सोळा जागा मिळतात.

निन्टेन्डोने फॅमिकॉमपासून (१९८३) वेगळा मार्ग धरला. पॅडमधील ४०२१ ही शिफ्ट रजिस्टर चिप ‘लॅच’चा इशारा मिळताच आठही बटणांची स्थिती पकडून ठेवते आणि प्रत्येक ‘क्लॉक’बरोबर एकेक बिट पुढे सरकवते. क्रम ठरलेला : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे. सुपर निन्टेन्डोने हीच साखळी सोळा बिटांपर्यंत लांबवली. तीन संकेत-तारांत काम भागते, आणि अगदी साधा सूक्ष्मनियंत्रकही हा संवाद सहज साधतो.

प्लेस्टेशनपासून मात्र खरे संभाषण सुरू होते. कन्सोल विचारतो, कंट्रोलर आधी आपली ओळख सांगतो (साध्या डिजिटल पॅडची ओळख सोळा-आधारी ४१) आणि मग बटणांचे बाइट पाठवतो. शेवटचा सोडून प्रत्येक बाइटनंतर पोच द्यावी लागते. ती वेळेत दिली नाही तर कन्सोल पुढचे काही विचारतच नाही. निन्टेन्डो ६४ आणि गेमक्यूब यांत सगळा संवाद एकाच तारेवर, प्रत्येक बिट सुमारे चार मायक्रोसेकंदांचा. ड्रीमकास्टची ‘मेपल’ बस दोन तारांची. त्या तारा आळीपाळीने एकमेकींचे घड्याळ होतात.

सारखा प्लग, वेगळी जोडणी : जुन्या स्टिक वापरणाऱ्यांचे सर्वाधिक नुकसान येथे होते, म्हणून हा भाग तपशिलाने देणे आवश्यक आहे. नऊ पिनांचा प्लग अटारी, मेगा ड्राइव्ह आणि फॅमिकॉमच्या असंख्य नकला या तिन्हींवर आढळतो. आकार एकच, आतली जोडणी तीन प्रकारची. अटारी पद्धतीत ५ व्होल्टचा पुरवठा ७ क्रमांकाच्या पिनेवर असतो. मेगा ड्राइव्हमध्ये तो ५ क्रमांकावर असून ७वी पिन निवड-तार आहे. मेगा ड्राइव्हचा पॅड कमोडोर ६४ला थेट लावू नये असे सांगितले जाते ते यामुळेच. त्या संगणकात जॉयस्टिकच्या तारा कीबोर्ड वाचणाऱ्या चिपशी सामायिक आहेत, आणि पॅडमधील चिप त्या तारांवर स्वतः व्होल्टेज लादते. अटारीच्या जॉयस्टिकमध्ये नुसते स्विच असल्याने हा धोका नव्हता.

अ‍ॅम्स्ट्रॅडने काढलेल्या स्पेक्ट्रम +२वर (१९८६) नऊ पिनांची सॉकेटे होती, पण पिनांचा क्रम बदललेला होता. त्यामुळे बाजारातील सर्वसाधारण जॉयस्टिक त्यावर चालत नसे. एक लहानसा निष्क्रिय अडॅप्टर लागे. १५ पिनांच्या प्लगचीही तीच गत. जुन्या पीसीच्या गेम पोर्टलाही निओ जिओप्रमाणे १५ पिनांचीच जोडणी असते, परंतु तो पोर्ट पोटेन्शिओमीटरचा (फिरवताच रोध बदलणाऱ्या भागाचा) रोध मोजतो आणि त्याच्या एकाहून अधिक पिनांवर ५ व्होल्ट असतात. तेथे निओ जिओची स्टिक लावणे म्हणजे शॉर्ट सर्किटला आमंत्रण. प्लग बसला याचा अर्थ जोडणी जुळली असा कधीही घेऊ नये. मल्टिमीटरने आधी ग्राउंडची पिन शोधावी, मगच पुढे जावे.

व्होल्टेजचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. मेगा ड्राइव्ह, सॅटर्न आणि निन्टेन्डोचे आरंभीचे कन्सोल ५ व्होल्टवर, तर प्लेस्टेशन आणि निन्टेन्डो ६४ त्याहून कमी, ३.३ व्होल्टच्या आसपास काम करतात. दोहोंच्या मध्ये पातळी बदलणारा भाग नसेल, तर स्टिक बरेच दिवस चालते आणि मग एखादी पिन कायमची जाते.

विलंब : सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते. स्ट्रीट फायटर ४सारख्या खेळात एका चित्राच्या अवधीतच पुढचे बटण दाबावे लागेल अशा हल्ल्यांच्या मालिका आहेत. तेथे अडॅप्टरचा विलंब थेट हरजितीवर परिणाम करतो. अडॅप्टर स्टिक वाचतो ती स्वतःच्या गतीने आणि यजमान अडॅप्टरला विचारतो तो त्याच्या गतीने. या दोन गती जुळलेल्या नसल्या, की सरासरी विलंबाबरोबर त्यात चढउतारही येतो, आणि सराव केलेल्या हाताला स्थिर विलंबापेक्षा हे चढउतारच जास्त खटकतात. यूएसबीवर दर ८ मिलिसेकंदांनी विचारणा झाली तर जवळजवळ अर्धे चित्र वाया जाऊ शकते. १ मिलिसेकंदाने झाली तर परिणाम नगण्य राहतो. जुनी स्टिक नव्या यंत्रावर चालवणे तुलनेने सोपे, पण यूएसबी स्टिक जुन्या कन्सोलवर चालवायची तर अडॅप्टरला यूएसबीच्या यजमानाची भूमिकाही करावी लागते. ते काम बरेच अवघड आहे.

ओळख-तपासणी : एक्सबॉक्स ३६० (२००५) पासून कंट्रोलरच्या खरेपणाची तपासणी करणारी सुरक्षा-चिप आली. प्लेस्टेशन ३ने अशी अट घातली नाही. तेथे तक्रार होती ती अनेक अडॅप्टरांवर ‘पीएस’ बटण चालत नसल्याची. प्लेस्टेशन ४वर (२०१३) अनधिकृत कंट्रोलर साधारण आठ मिनिटांनी तुटतो. यावर दोन उपाय रूढ झाले : अडॅप्टरलाच एक अधिकृत कंट्रोलर जोडून तपासणीची उत्तरे त्याच्याकडून घेणे, किंवा तैवानच्या ब्रुक कंपनीने केले तसे स्वतंत्र कन्व्हर्टर काढणे. तिसरा उपाय खेळाच्या आतूनच आला, आणि तो फारसा नोंदला जात नाही. लॅब झीरो गेम्सने स्कलगर्ल्स सेकंड अ‍ॅन्कोरसाठी प्लेस्टेशन ४वर जुन्या प्लेस्टेशन ३ स्टिक चालवणारा ड्रायव्हर लिहिला. पुढे स्ट्रीट फायटर ५सह (२०१६) इतर काही खेळांतही ही सोय आली. म्हणजे अडॅप्टर खेळाच्या पोटातच शिरला. प्लेस्टेशन ५च्या खेळांत प्लेस्टेशन ४चा साधा पॅड चालत नाही, अधिकृत आर्केड स्टिक मात्र चालतात, असे सोनीने २०२०मध्ये जाहीर केले. उलट मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२३पासून एक्सबॉक्सवर अनधिकृत उपकरणे रोखण्यास सुरुवात केली. बरीच वर्षे बिनतक्रार चाललेले अडॅप्टर त्यामुळे अडचणीत आले.

अडॅप्टरशिवाय : स्टिक उघडून तिचे स्विच एखाद्या पॅडच्या बोर्डावर सोल्डर करण्याला ‘पॅडहॅक’ म्हणतात. सर्व बटणांचे ग्राउंड सामायिक असलेला बोर्ड यासाठी निवडतात, कारण मग प्रत्येक बटणाला एकच तार पुरते. २०२१मध्ये रास्पबेरी पाय पिको हा स्वस्त बोर्ड आल्यावर त्यावर चालणारे जीपी२०४०-सीई हे मुक्त फर्मवेअर (बोर्डावरील चिपमध्ये भरायचा प्रोग्रॅम) लोकप्रिय झाले. एकच बोर्ड अनेक यजमानांशी बोलतो आणि जुन्या बोर्डाचे संकेत वाचण्याची गरजच उरत नाही. सोयीच्या दृष्टीने हा मार्ग उत्तम. तरीही मूळ बोर्ड काढून टाकू नये, आणि मूळ केबल तर कापूच नये. त्याच जातीची एक्स्टेन्शन केबल कापून तिच्यापासून अडॅप्टर बनवता येतो. निओ जिओ किंवा सॅटर्नची त्या काळची अखंड स्टिक आता नव्याने तयार होणार नाही.

भारत : भारतात १९९०च्या दशकात घरोघरी आलेले ‘टीव्ही गेम’ बहुतांशी फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यांच्या पॅडचा प्लग बहुधा नऊ पिनांचा, क्वचित १५ पिनांचा असे. आत ४०२१चेच काम करणारी, काळ्या थेंबाखाली झाकलेली चिप असते. संगणकाला जोडण्यासाठी लॅच, क्लॉक, डेटा, पुरवठा आणि ग्राउंड अशा पाच तारा शोधाव्या लागतात. बनवणाऱ्यागणिक पिनांचा क्रम बदलत असल्याने नकाशावर विसंबून चालत नाही; पॅड उघडून बोर्डावरील तारा एकेक करून तपासाव्या लागतात. पिकोच्या पिना ५ व्होल्ट सहन करणाऱ्या नाहीत, म्हणून पॅडला पुरवठा ३.३ व्होल्टचाच द्यावा. बहुतेक पॅड तेवढ्यावर नीट चालतात.