निकेल नाण्यांचा प्रकारसंच

जुन्या निकेल नाण्यांतील प्रत्येक वेगळ्या प्रकाराचे एकेक नाणे मिळवून लावलेल्या संग्रहाला निकेल नाण्यांचा प्रकारसंच म्हणतात. संग्राहकांच्या बोलण्यात ‘टाइप सेट’ हाच शब्द रूढ आहे. सालवार संचात प्रत्येक वर्षाचे आणि प्रत्येक टाकसाळीचे नाणे लागते. प्रकारसंचात मात्र मूल्य, धातू, वजन, आकार किंवा छाप-काट्यावरील चित्र-मजकूर यांपैकी काही बदलले, तरच नवे नाणे घेतात. तारखेखालच्या टाकसाळीच्या खुणा, म्हणजे मुंबईची चौकट किंवा हैदराबादचा तारा, यांमुळे प्रकार बदलत नाही. त्यामुळे बेताच्या मिळकतीच्या माणसालाही हा संच काही वर्षांत पुरा करता येतो आणि नव्या संग्राहकाने येथूनच सुरुवात करणे सर्वांत योग्य ठरते.

निकेल कशाला म्हणायचे, हे प्रथम ठरवावे लागते. बाजारात पांढऱ्या दिसणाऱ्या कोणत्याही जुन्या नाण्याला सर्रास ‘निकेलचे’ म्हटले जाते; पण त्यातील बरीच नाणी ७५ टक्के तांबे व २५ टक्के निकेल यांच्या मिश्रधातूची, म्हणजे ताम्रनिकेलची असतात. शुद्ध निकेल चुंबकाला चिकटते, ताम्रनिकेल चिकटत नाही. पितळी डब्यातली चिल्लर कागदावर पसरून वरून साधे चुंबक फिरवले की १९६८ पर्यंतची पंचवीस पैशांची नाणी टपाटप उचलली जातात आणि १९७२ नंतरची, अगदी तेवढ्याच १९ मिलिमीटर व्यासाची व अडीच ग्रॅम वजनाची, जागची हलत नाहीत. डोळ्यांना जुळी वाटणारी ही नाणी अशा वेळी दोन प्रकारांची ठरतात. १९८८ पासून आलेली पोलादी नाणीही चुंबकाला चिकटतात. ती सालावरून व गेंड्याच्या किंवा नकाशाच्या चित्रावरून वेगळी काढावीत.

ताम्रनिकेल आपल्याकडे आधी आले. सातव्या एडवर्डचा नागमोडी कडेचा आणा १९०७ पासून निघाला. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाल्यावर १९१८ मध्ये चौकोनी चवली (दोन आणे) आणि १९१९ मध्ये अष्टकोनी पावली (पाव रुपया) व गोल अधेली (अर्धा रुपया) याच मिश्रधातूत पाडण्यात आली. चवली टिकली, पावली आणि अधेली दोन-तीन वर्षांतच बंद पडल्या. या नाण्यांचा संच स्वतंत्र लावावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, कारण शुद्ध निकेलबरोबर ती एकाच पानावर घातली की धातूबदलाची गोष्ट हरवते.

शुद्ध निकेलचे आगमन दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी झाले. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली होती, आणि युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची असल्याने नाण्यांतून ती पुरतीच काढून घेणे भाग पडले. १९४६ मध्ये पाव रुपया व अर्धा रुपया आणि १९४७ मध्ये रुपया निकेलमध्ये निघाला. छापावर सहावा जॉर्ज आणि काट्यावर वाघ अशी ही तीन नाणी प्रकारसंचाचा आरंभ होत. राजा गेला तरी राजाची नाणी चालूच राहिली. १५ ऑगस्ट १९५० रोजी प्रजासत्ताकाची नाणी आली, तेव्हा राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले आणि रुपयावरच्या वाघाची जागा धान्याच्या लोंब्यांनी घेतली. सांगलीकराला येथे आणखी एक धागा सापडतो. ही नाणी प्रथम हातात आली तेव्हा त्याचा जिल्हा ‘दक्षिण सातारा’ या नावाने जेमतेम एक वर्षाचा होता, आणि त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले त्याच १९६० साली पन्नास नये पैशांचे निकेल नाणे निघू लागले.

दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ रोजी लागू झाली आणि संचात पंचवीस नये पैसे, पन्नास नये पैसे व १९६२ चा रुपया यांची भर पडली. १ जून १९६४ पासून ‘नये’ हा शब्द गळाला, म्हणून पंचवीस व पन्नास पैशांचा आणखी एकेक प्रकार धरावा लागतो. त्याच वर्षी पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ पन्नास पैसे व रुपया निघाला. त्यातील पन्नास पैशांवर कधी इंग्रजी तर कधी हिंदी मजकूर आढळतो, आणि काटेकोर संग्राहक दोन्ही ठेवतात. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीची १९६९ ची दोन नाणी जोडली की साधारण पंधरा जागांचा संच पुरा होतो. सत्तरच्या दशकात ताम्रनिकेलने निकेलची जागा घेतली.

या सगळ्या मालिकेत दोन रुपये शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९५० चा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा आहे. चांदीच्या बंद्या रुपयाचे हेच वजन असे आणि सराफ तराजूत वजन म्हणून रुपयाच टाकत. १९६२ चा रुपया व्यासाने तेवढाच, २८ मिलिमीटरचा, पण वजनाने नेमका १० ग्रॅमचा आहे. एकेक तळहातावर घेतले तर फरक लगेच जाणवतो. जुना अंगाने जाड आणि भारदस्त लागतो. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर किंवा साताऱ्याच्या पेठेत आज दहा ग्रॅमला जो तोळा म्हणतात, त्या बदलाची खूण या दोन नाण्यांत उतरली आहे. संचात दोन्ही एकाच पानावर लावावीत.

सांगली-साताऱ्याच्या भागात निकेल नाणी बहुधा घरातूनच निघतात. देवघरातील डबी, पानाचा डबा, धान्याच्या कोठीतला बटवा, लक्ष्मीपूजनाला दरवर्षी मांडायचे ठेवणीतले रुपये, ओटीत आलेली नाणी ही त्यांची ठिकाणे होत. मोडीवाल्यांकडे व आठवडी बाजारातही ती मिळतात, पण तेथील नाणी झिजलेली असतात. निकेल कठीण धातू असल्याने काही नाण्यांवर ठसाच पुरता उठलेला नसतो. मधल्या सिंहाचा चेहरा सपाट दिसला म्हणून नाणे झिजलेले समजू नये; कडेची अक्षरे व लोंब्यांचे कुस धारदार आहेत का, ते पाहावे.

पूजेतल्या नाण्यावर हळदीकुंकवाचा थर असतो आणि तो अक्षरांच्या खोबणीत घट्ट बसलेला असतो. तो काढण्यासाठी चिंच, लिंबू किंवा राख लावून घासण्याची घरोघरची सवय नाण्याचा कायमचा नाश करते, कारण त्याने मूळची झळाळी जाते आणि बारीक ओरखडे उरतात. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात नाणे रात्रभर ठेवावे, कडा धरून उचलावे व मऊ सुती कापडाने नुसते टिपून घ्यावे. एवढ्याने न निघालेली हळद तशीच राहू द्यावी. ती त्या नाण्याच्या घरातल्या आयुष्याचा भाग आहे. कृष्णेच्या पुरात बुडालेल्या घरांतील संग्रहांना हीच खबरदारी अधिक लागते. ऑगस्ट २०१९ सारख्या पुरानंतर नाण्यांवर बसलेला गाळ बोटाने पुसला, तर त्यातील रेतीच पृष्ठभाग खरवडते. आधी भरपूर स्वच्छ पाण्यात बुडवून गाळ आपोआप सुटू द्यावा. साठवणीसाठी पीव्हीसी प्लॅस्टिकचे पाकीट टाळावे, कारण ते कालांतराने चिकट हिरवट थर सोडते. पुठ्ठ्याचे खिडकीचे होल्डर बरे, आणि नदीकाठच्या घरात संच वरच्या मजल्यावर असावा.

किमतीविषयी फार गैरसमज आहेत. या संचातील बहुतेक नाणी लाखोंनी पाडली गेली आणि सामान्य स्थितीत ती आजही स्वस्त मिळतात. जुन्या नाण्याला लाखो रुपये देऊ, असे सांगून आधी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली आहेत. शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते व परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. एडवर्डच्या आण्याला हा नियम आजच लागू आहे, आणि वाघाची पावली व अधेली २०४६ मध्ये त्याच्या कक्षेत येऊ लागतील.