मच्छरदाणीचे औषध उतरणे आणि डासांमध्ये प्रतिरोध येणे

औषध लावलेल्या मच्छरदाणीवर एखादा डास जिवंत बसलेला दिसला की "आता डासांना या औषधाची सवय झाली" हे वाक्य हमखास ऐकू येते. गडचिरोलीच्या बंदोबस्ताहून सोलापुरात परतणाऱ्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांच्या घरी मी ते ऐकले आहे, पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत ऐकले आहे आणि प्राणिशास्त्राच्या माझ्या वर्गात तर दर वर्षी ऐकते. या एका वाक्यात दोन निरनिराळ्या घटना एकमेकींत मिसळलेल्या असतात. जाळीवरचे औषध कमी होणे ही एक, आणि डासांच्या वंशात त्या औषधाविरुद्ध प्रतिरोध येणे ही दुसरी. डोळ्यांना दोन्ही वेळा एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे न मेलेला डास; परंतु एकीचा इलाज दुसरीला लागू पडत नाही, आणि म्हणूनच हा घोळ केवळ शब्दांचा आहे असे समजून सोडून देणे मला कधी पटलेले नाही.

पहिली घटना सोलापूरकरांना फार समजावून सांगावी लागत नाही. चादरीचा रंग कशाने उतरतो हे ज्या गावात घरोघरी ठाऊक आहे, तेथे जाळीचे औषधही तसेच उतरते एवढे म्हटले की पुरते. पॉलिस्टरच्या जाळीवर डेल्टामेथ्रिनसारख्या औषधाचा थर चिकटवलेला असतो; पॉलिइथिलीनच्या जाळीत पर्मेथ्रिन धाग्यातच मिसळलेले असते आणि ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहते. दीर्घकाळ टिकणाऱ्या अशा जाळीचे औषध प्रयोगशाळेत २० वेळा धुतल्यानंतरही आणि प्रत्यक्ष वापरात ३ वर्षांपर्यंत परिणामकारक राहावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. ब्लीच, कडक सोडा, दगडावर आपटणे आणि आपल्याकडचे ऊन यांनी हा काळ घटतो. म्हणून जाळी सौम्य साबणाने धुवावी आणि सावलीत वाळवावी.

खरी अडचण दुसऱ्या घटनेपाशी आहे, आणि ती "सवय" या शब्दानेच निर्माण केलेली आहे. सवय एका जिवाला होते. ज्याला पहिल्या घासाला तिखटाने ठसका लागतो, त्यालाच काही महिन्यांनी तेच तिखट गोड लागते. डासाचे असे काहीही घडत नाही. हिवताप पसरवणाऱ्या अॅनॉफिलीस डासाची मादी (चावते ती मादीच) साधारणपणे दोन-तीन आठवडे जगते, आणि ज्या मादीला हे औषध बाधते, ती ताज्या जाळीवर काही मिनिटे बसली तरी खाली पडते आणि बहुधा मरते; सराव व्हावा इतकी संधीच तिला मिळत नाही. बदल घडतो तो एका डासात नव्हे, डासांच्या संख्येत. औषध गावात येण्याआधीपासूनच हजारो माद्यांमध्ये थोड्या माद्या जन्मतः अशा असू शकतात की ज्यांच्या शरीराची घडण इतरांहून किंचित निराळी आहे आणि त्यामुळे ते औषध त्यांना मारू शकत नाही. औषधाने त्यांना तसे घडवलेले नसते. औषध आले, बाकीच्या मेल्या, या उरल्या, आणि पुढची अंडी प्रामुख्याने यांनी घातली. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारण दहा दिवस पुरतात, म्हणजे एका हंगामात अनेक पिढ्या होतात, आणि प्रत्येक पिढीत औषधाने न मरणाऱ्यांचा वाटा वाढत जातो. गावातले डास काही वर्षांनी "बदललेले" दिसतात, पण त्यांतील एकही डास स्वतः बदललेला नसतो.

सांगोला-मंगळवेढ्याकडच्या डाळिंब बागायतदाराला ही गोष्ट हाताने अनुभवलेली असते. एकच औषध सलग मारत राहिले की फुलकिडे आटोक्यात येईनासे होतात, हे त्याला माहीत असते आणि म्हणून तो औषधाचा गट बदलून फवारणी करतो. बागेत हे तत्त्व काटेकोरपणे पाळणारा माणूस घरातल्या डासाविषयी बोलताना मात्र "सवय" म्हणतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

याच कारणासाठी "डासांची प्रतिकारशक्ती वाढली" हा वृत्तपत्री प्रयोगही मी माझ्या विद्यार्थ्यांना लिहू देत नाही. प्रतिकारशक्ती म्हटले की वाचकाच्या मनात लस येते, ताप येऊन गेल्यावर शरीराने शिकलेला धडा येतो, म्हणजे पुन्हा तोच एका जिवाला झालेला सराव येतो. प्रतिरोध हा शब्द रूक्ष असला तरी तो दिशाभूल करत नाही, म्हणून मी तोच वापरते.

प्रतिरोध शरीरात नेमका कोठे असतो, हे पाहिले की पुढचा गुंता सुटतो. मच्छरदाण्यांवर वापरली जाणारी बहुतेक औषधे पायरेथ्रॉइड या एकाच गटातील आहेत. शेवंतीच्या कुळातील फुलांपासून मिळणाऱ्या पायरेथ्रमच्या धर्तीवर ती कृत्रिमरीत्या तयार केलेली आहेत. ती डासाच्या मज्जातंतूंमधील सोडियम आत सोडणाऱ्या दारांना पकडतात, ती दारे मिटू देत नाहीत आणि डास आचके देत खाली पडतो. काही डासांमध्ये त्या दाराच्या प्रथिनातील एक घटक बदललेला असतो, त्यामुळे औषधाची पकडच बसत नाही. डीडीटी हे जुने कीटकनाशकही याच दाराला पकडते. म्हणून डीडीटीच्या काळात अशा बदलाचे डास निवडले गेले असतील, तर ते पायरेथ्रॉइडची जाळी गावात येण्यापूर्वीच तिच्यासाठी तयार असतात. जाळी कालच पाकिटातून काढली असेल, तिच्यावरचे औषध पूर्ण भरलेले असेल, तरी त्या डासाला फरक पडत नाही. दुसऱ्या प्रकारच्या प्रतिरोधात दार जसेच्या तसे असते, पण डासाच्या शरीरातील काही विकरे (एन्झाइम) जास्त प्रमाणात तयार होतात आणि औषध मज्जातंतूंपर्यंत पोचण्याआधीच त्याचे तुकडे करतात.

भारताला हा अनुभव नवा नाही. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये शोधला आणि त्यासाठी त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले, आणि वर्षाला कोट्यवधी रुग्णांची संख्या १९६५ पर्यंत एक लाखाच्या आसपास उतरली. १९७६ मध्ये ती पुन्हा ६४ लाखांवर गेली होती. या उलटफेरामागे प्रशासकीय आणि आर्थिक कारणेही होती, पण ग्रामीण भारतातील हिवतापाचा प्रमुख वाहक असलेल्या अॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस या डासात डीडीटीविरुद्ध आलेला प्रतिरोध हे त्यांतील एक ठळक कारण होते. त्या वेळी घराच्या भिंतींवर फवारलेली पावडर ताजी होती की जुनी, हा प्रश्न गौण ठरला होता.

आता मूळ प्रश्न. जाळीवर जिवंत डास दिसला, तर दोष जाळीचा की डासाचा, हे ठरवायचे कसे? नुसते पाहून ते ठरत नाही, आणि हेच मला सर्वांत जास्त ठासून सांगायचे आहे. त्यासाठी दोन निरनिराळ्या चाचण्या आहेत आणि दोघींची मांडणी एकमेकींच्या अगदी उलट आहे. जाळी तपासायची असेल तेव्हा डास ठरलेला ठेवतात: प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले, औषधाला हमखास बळी पडणारे डास शंकूच्या आकाराच्या छोट्या भांड्यात घेऊन ते जाळीच्या तुकड्यावर ३ मिनिटे ठेवले जातात, मग ६० मिनिटांनी किती पडले आणि २४ तासांनी किती मेले हे मोजतात. किमान ९५ टक्के पडले किंवा किमान ८० टक्के मेले तर जाळी उत्तीर्ण. डास तपासायचा असेल तेव्हा औषध ठरलेले ठेवतात: गावात पकडलेले डास, किंवा तेथून आणलेल्या अळ्यांपासून वाढवलेले डास, ठरावीक मात्रेच्या औषधात भिजवलेल्या कागदाच्या नळीत ६० मिनिटे ठेवून २४ तासांनी मृत्यू मोजतात, आणि बाजूला औषध नसलेल्या कागदाची नळी तुलनेसाठी असते. ९८ टक्के किंवा अधिक मेले तर डास औषधाला बळी पडतात असे मानतात. ९० टक्क्यांहून कमी मेले तर प्रतिरोध निश्चित झाला असे म्हणतात. मधल्या आकड्यांना पुन्हा तपासावे लागते. ज्याने या दोहोंपैकी एकही चाचणी केलेली नाही, त्याने "जाळी निकामी आहे" किंवा "डास बदलले आहेत" यांपैकी कोणतेही विधान छातीठोकपणे करू नये. जुनी, अनेकदा धुतलेली जाळी हातात धरून प्रतिरोधावर व्याख्यान देणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी मला त्या जाळीचे वय विचारावेसे वाटले आहे.

इलाजाचा फरक येथून निघतो. औषध उतरले असेल तर त्याच प्रकारची नवी जाळी आणली की काम झाले. प्रतिरोध आला असेल तर तीच जाळी दहा वेळा बदलली तरी उपयोग मर्यादितच राहतो आणि औषध बदलावे लागते. पिपरोनिल ब्युटॉक्साइड हे द्रव्य औषध तोडणाऱ्या विकरांना अडवते, म्हणून पायरेथ्रॉइडबरोबर ते असलेल्या जाळ्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये काही अटींसह केली. २०२३ मध्ये पायरेथ्रॉइड आणि क्लोरफेनापिर अशा दोन औषधांच्या जाळ्यांची शिफारस झाली. क्लोरफेनापिर मज्जातंतूंना हातच लावत नाही, ते पेशीची ऊर्जा तयार करण्याची यंत्रणा बंद पाडते, आणि विशेष म्हणजे डासाची तीच विकरे त्याला अधिक विषारी करतात. पायरेथ्रॉइडविरुद्ध ज्या हत्याराने डास वाचतो, तेच येथे त्याच्यावर उलटते. मला या दुसऱ्या जाळीवर अधिक विश्वास वाटतो, कारण ती डासाच्या बचावाचाच वापर करते.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत. क्लोरोक्विन या हिवतापावरच्या औषधाला दाद न देणारा असतो तो हिवतापाचा परोपजीवी, डास नव्हे. गटारातून उठणारा रात्रीचा क्युलेक्स डास हिवताप पसरवत नाही. काही दिवसांआड पाणी येते म्हणून आपण हौद आणि गच्चीवरच्या टाक्या भरून ठेवतो. त्यांत वाढणारा शहरी अॅनॉफिलीस स्टीफेन्सी आपण अंथरुणात शिरण्याआधीच चावू शकतो, आणि त्याच्यासाठी टाकीचे घट्ट झाकण जाळीइतकेच महत्त्वाचे आहे.

प्रतिरोध आला म्हणजे मच्छरदाणी फेकून द्यावी, हा निष्कर्ष मात्र मी कोणालाही काढू देत नाही. आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात हिवतापाचे सुमारे ६६ कोटी रुग्ण टळले आणि त्यांतील ६८ टक्के वाटा औषध लावलेल्या जाळ्यांचा होता, असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळात तेथे प्रतिरोध पसरतच होता. धागा डासाला अडवतोच, त्यावर औषध असो वा नसो. फरक पडतो तो भोकांमुळे. डास औषधाला बळी पडणारा असेल तर भोक शोधत फिरतानाच तो मरतो, म्हणून थोडी फाटलेली जाळीही चालून जाते. प्रतिरोध असलेल्या डासाला शोधायला भरपूर वेळ मिळतो आणि तो भोकातून आत येतो. जाळ्यांचे सर्वेक्षण करणारे म्हणूनच भोके अंगठा, मूठ आणि डोके या मापांनी मोजतात. एका जवानाने औषधाविषयी विचारायला आणलेल्या जाळीच्या खालच्या कडेला मुठीएवढी दोन भोके होती. त्याला मी आधी ती रफू करून घ्यायला सांगितली, आणि जाळीची कड चारही बाजूंनी गादीखाली खोचायला सांगितली.